डाव्या गमबुटाचं ऑपरेशन

ते १९७६ साल होतं. नक्की आठवतं, कारण त्याच वर्षी दुकानात पहिल्यांदा प्लॅस्टिकच्या सँडल आल्या आणि बाबांनी त्या लाजेखातर आठवडाभर कोणाला दाखवल्या नाहीत.

बाबांचं जोड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. बाबांचा एक नियम होता. जोडा आरशात बघून घ्यायचा नाही. घरी न्यायचा, सतरंजीवर चार दिवस घालून फिरायचं. चावला तर परत, नाही चावला तर पैसे. एका गिऱ्हाइकाने तेवढ्यात स्वतःचं लग्न उरकून घेतलं आणि चौथ्या दिवशी "जरा चावतात" म्हणून बूट परत आणले. बाबांनी नियम म्हणून तेही घेतले.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण डॉक्टर झाली. पुढे कशात शिकायचं ते सोमवारी कॉलेजात सांगायचं होतं. तिला हृदयाची सर्जन व्हायचं होतं. पण बाबांनी हो म्हटल्याशिवाय ती सांगणार नव्हती, आणि बाबा हो म्हणत नव्हते.

"अजून सहा-सात वर्षं शिकणं," मामा म्हणाला. मामा विमा एजंट, त्यामुळे दुसऱ्याच्या आयुष्याचा हिशोब त्याला तोंडपाठ. "तोवर पगार नावाला. पुढे मिळेल बक्कळ, पण खर्च करायला सवड कोणाला? त्यापेक्षा कान-नाक-घसा घे. एका शिक्षणात तीन अवयव. हृदय काय, एकच."

"मामा, मी पॉलिसी काढत नाहीये."

"काढली असतीस तर बोनस तरी मिळाला असता."

आईला एवढंच विचारायचं होतं, "जेवायला वेळेवर येशील का, ते सांग."

बाबांचा मुद्दा निराळा होता. ते धाकटीच्या पायांकडे बघत म्हणाले, "तासन् तास उभं राहायचं काम. तळवे सपाट आहेत तुझे."

"बाबा, कॉलेजवाले मार्क बघतात."

"मार्क कागदावर असतात. तळवा जमिनीवर असतो."

धाकटीने थोडा वेळ भाजी चिवडली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही घालून न बघताच जोडा परत करताय."

बाबांनी घास ताटात परत ठेवला. "बरं," ते म्हणाले. "चार दिवस. इथेच, घरात."

गुरुवारी सकाळी जेवणाचं टेबल ऑपरेशनचं टेबल झालं. पेशंट म्हणून दुकानातला एक डावा गमबूट आडवा ठेवला. त्याच्या आत, अगदी टाचेपाशी, धाकटीने सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी बसवली, मधोमध कापली, आणि लांब चिमट्यात सुई धरून ती परत शिवायला घेतली. संपल्यावर नळीतून पाणी सोडायचं. थेंब गळला नाही तर पेशंट वाचला. तोवर बसायचं नाही, खायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

मी घाम पुसणारी नर्स. आई हत्यारं द्यायला. तिने पहिल्याच दिवशी कात्रीच्या जागी बटाटे सोलायची सुरी दिली आणि वर म्हणाली, "धार चांगली आहे." मामाकडे तातडीचे फोन. वाटेल त्या वेळी फोन करायचा आणि "केस आली" म्हणायचं. धाकटीने हातातलं टाकून टेबलाशी उभं राहायचं.

"आणि मी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही पेशंटचे नातेवाईक. बाहेर बसा."

बाबांना ते काम फार हलकं वाटलं. ते दुकानातल्या बाकावर, मधल्या बंद दाराकडे पाठ करून बसले.

शुक्रवारी मामाचा फोन आला तेव्हा धाकटी न्हाणीघरात होती. डोक्याला साबण तसाच ठेवून ती गमबुटाशी आली. पेशंट वाचला, मला मात्र फेस पुसता पुसता शिंका लागल्या. रात्री-अपरात्री फोन करायचे म्हणून मामाला जागरणं. धाकटी उठायची, टाके घालायची आणि उशीला डोकं लागताच घोरायची. मामाची झोप मात्र गेली ती गेलीच. शनिवारी तो मफलर गुंडाळून आला आणि म्हणाला, "माझ्या जागी दुसरं कोणी बघा." आई तीनदा जेवण गरम करून कंटाळली होती.

आणि बाबा आता बाकावर दाराकडे तोंड करून बसत होते.

"काय झालं हो?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"आत ऑपरेशन चाललंय."

"कोणाचं?"

"घरचंच आहे," बाबा म्हणाले. गिऱ्हाइकाने टोपी काढली आणि सँडल न घेता बाबांशेजारी बसून राहिलं.

त्याच दुपारी सुई नळीतून आरपार गेली आणि गमबुटालाच भोक पडलं. पाणी सोडल्यावर टेबलावर थारोळं झालं. आई म्हणाली, "पुसून टाक, त्यांना कशाला सांगायचं?" धाकटीने हात पुसले, दार उघडलं आणि बाबांसमोर उकिडवी बसली.

"पेशंट गेला. टाका माझा चुकला. दुसऱ्या कोणाची चूक नाही."

 बाबांनी विचारलं, "डावाच ना?"

"हो."

"उजवा फळीवर आहे. त्याला कोण सांगणार?"

टोपीवाल्या गिऱ्हाइकाने डोळे टिपले. संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. आई आणि मी हसू दाबायला एकमेकींना चिमटे काढत होतो. धाकटी तेवढी हसली नाही. मला वाटलं, संपलं, आता कान-नाक-घसा.

रविवारी कोणी न सांगता ती उठली, फळीवरून उजवा गमबूट काढला आणि उभी राहिली. मामा खोकत होता, आईने बंड करून थंडच जेवण ठेवलं होतं. दुपार उलटल्यावर धाकटी बाहेर आली. "थेंब नाही," एवढंच म्हणाली.

बाबांनी तिला बाकावर बसवलं, चपला काढायला लावल्या आणि तळवे दाबून दाबून बघितले. "चावलं कुठे?"

"कुठेच नाही."

"पण आम्हाला चावलं," मामा म्हणाला. "भाऊजी, माझी दशा बघा. हिची आई बघा. तुम्ही स्वतः काल उपाशी झोपलात."

बाबांनी मान हलवली. "ते खरं. पण मामा, घरच्यांना चावतो म्हणून मी आजवर एकही जोडा परत घेतलेला नाही. उद्या जाऊन सांग गं, हृदय म्हणून."

धाकटीने तीस वर्षं हृदयं शिवली. स्वतःच्या लग्नालाही ती उशिरा आली. नवरा शांतपणे पेपर वाचत बसला होता, तिथेच आईला जावई पसंत पडला. आईने पुढे थंड जेवणाचीच सवय लावून घेतली. मामाच्या हृदयाची नळी खरंच तुंबली. घरचा पेशंट म्हणून धाकटीने हात लावला नाही, दुसऱ्याने ऑपरेशन केलं, आणि ती बाहेर बाकावर बसून मला म्हणाली, "हे लोक आतून काही सांगत का नाहीत?" मामा शुद्धीवर येताच पुटपुटला, "कान-नाक-घसा असतं तर घरच्या घरी झालं असतं." त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. टोपीवाला बाबांचा कायमचा मित्र झाला. सँडल त्याने कधीच घेतल्या नाहीत.

बाबा म्हातारे होऊन, झोपेत गेले. गमबुटांची जोडी त्यांनी विकली नव्हती. ती आता माझ्याकडे आहे, बागेला पाणी घालताना मी घालते. डावा थोडा गळतो.