रेषेवरचे शिक्के

मी एक हातात धरायचं भिंग बोलतोय. जे सांगणार आहे ते सगळं बरोबर आठवतंय का, याची मात्र मला खात्री नाही. मोठं करून दाखवणं हा माझा धंदाच. तेव्हा चार माणसं भांडली असतील आणि मी चाळीस समजून बसलो असेन, हेही शक्य आहे. थोडं वजा करून ऐका.

माझा पहिला मालक घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्याकडे माझे दिवस बरे गेले. घड्याळातली चाकं आपण कुणाच्या बाजूची ते ओरडून सांगत नाहीत. तो गेल्यावर मी त्याच्या मुलीकडे आलो. बाई सरकारी नोकरीत होत्या आणि त्या वर्षी त्यांना मतमोजणीची मुख्य अधिकारी नेमलं. संशयित मतपत्रिका तपासायला त्यांनी कार्यालयाकडे भिंग मागितलं. कार्यालय "पाहतो" म्हणालं आणि पाहिलं नाही. म्हणून त्यांनी मला पर्समध्ये टाकलं. चूक म्हणायची तर एवढीच.

मोजणी एका शाळेच्या सभागृहात होती. जाळीच्या अलीकडे टेबलं, पलीकडे दोन्ही पक्षांची माणसं. त्यांचे म्होरके दोघं: एक मफलरवाले, एक फाईलवाले. सुरुवातीलाच बाईंनी दोघांना बोलावून नियम वाचून दाखवला. शिक्का दोन चौकटींमधल्या रेषेवर पडला असेल, तर ज्या चौकटीत त्याचा जास्त भाग, त्या उमेदवाराचं मत. दोघांनी माना डोलावल्या. फाईलवाले तर म्हणाले, "याहून स्वच्छ काय असणार, मॅडम?"

तशी पहिली मतपत्रिका आली. बाईंनी मला तिच्यावर धरलं. शिक्का रेषेवर, पण बराचसा मफलरवाल्यांच्या चौकटीत.

"मतदाराचा हेतू बघायचा असतो," मफलरवाले गहिवरून म्हणाले. "म्हातारं माणूस असेल, हात थरथरला असेल."

"रेषेला शाई लागली की मत बाद," फाईलवाले म्हणाले. "हात थरथरतो तर घरी बसायचं."

बाईंनी नियमाप्रमाणे मत मफलरवाल्यांच्या गठ्ठ्यात घातलं. थोड्या वेळाने दुसरी आली, तशीच, फक्त झुकाव उलटा. आता फाईलवाल्यांना हेतू आठवला, म्हातारं माणूस आठवलं, आणि मफलरवाले रेषेचे राखणदार झाले. मी घड्याळांतला गंज फार जवळून पाहिलाय. त्याला निदान पसरायला ओल लागते.

"अहो, मघाशी तुम्ही दोघं नेमकं उलटं म्हणत होतात," बाई म्हणाल्या.

"मघाची गोष्ट वेगळी," दोघंही म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे एकमेव एकमत.

मतांमधला फरक कमी होत गेला, तसा भांडणाचा विषय मी झालो.

"ते भिंग कुणाचं?" मफलरवाल्यांनी विचारलं.

"माझ्या वडिलांचं."

"म्हणजे खाजगी. त्यातून यांची मतं मोठी दिसतात."

"उलट," फाईलवाले म्हणाले, "काच पिवळट आहे बघा. पिवळा रंग कुणाच्या झेंड्याचा, ते मी बोलत नाही."

"भिंगाने मत बदलत नाही हो, नुसतं मोठं दिसतं."

"आम्हाला मोठं कुठे हवंय, मॅडम? आम्हाला खरं हवंय."

मग दोघांनी बाजारातून आपापली भिंगं मागवली. प्रत्येकाला आपल्या भिंगातून आपलंच मत दिसलं.

फाईलवाले थोडक्यात जिंकले. मफलरवाले म्हणाले, बाई विकल्या गेल्या, आणि न्यायालयात गेले. फाईलवाले म्हणाले, आमचा विजय मोठा होता, बाईंनी तो छाटला. वरिष्ठांनी बाईंना बोलावून चहा पाजला. "तुम्ही नियमानेच केलंत हो, पण वातावरण निवळायला हवं." वातावरण निवळावं म्हणून बाईंची बदली वजनमापं तपासण्याच्या कार्यालयात झाली. पुन्हा कुठल्याच मोजणीला त्यांना कुणी बोलावलं नाही.

त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. वाईट वेगळंच झालं. घरी त्या कोऱ्या कागदावर दोन चौकटी आखायच्या, रेषेवर शिक्का मारायच्या आणि आधी नुसत्या डोळ्यांनी, मग माझ्यातून बघायच्या.

"अगं, पुरे आता," यजमान म्हणायचे. "मोजणी संपली."

"एखादं चुकीच्या गठ्ठ्यात गेलं असेल तर?"

खोटं बोलणारे दोघं शांत झोपत होते आणि खरं बघणारीला शंका खात होती. मलाही खात होती. माझ्या काचेवर एक बारीक चरा आहे. तो एखाद्या शिक्क्याच्या कडेत मिसळला नसेल ना, हा विचार पिच्छा सोडत नव्हता.

आता मी बाईंच्या टेबलावर असतो, वर्तमानपत्राशेजारी. मागणं एकच: पुन्हा कुणी मला मोजणीला नेलं, तर माझ्यावर वाकून ओरडू नका. काचेवर वाफ धरते, मग कुणालाच काही दिसत नाही.

त्या मोजणीनंतर कितीतरी वर्षांनी, मधे आणखी एक निवडणूक होऊन गेल्यावर, बाईंनी मला आतल्या पानावरच्या एका छोट्या बातमीवर धरलं. सवयीप्रमाणे आधी त्यांनी ती नुसत्या डोळ्यांनी वाचली होती. न्यायालयाने ते गठ्ठे उघडून प्रत्येक शिक्का मोजपट्टीने मोजला होता. एकही मत चुकीच्या गठ्ठ्यात गेलेलं नव्हतं. बाईंचा उल्लेख नव्हता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की दोन्ही पक्षांनी या निकालाचं स्वागत केलं आहे.