सॅल्मनसाठी सही

सॅल्मन वाचवायचाय, सही करता का? त्या पोरीनं एवढंच विचारलं होतं.

माझ्या सासऱ्यांना, ओनी निस्कलांना, सगळा धक्का पाप्पा म्हणतो. उभा जन्म कोलंबिया नदीच्या तोंडाशी जाळं टाकण्यात गेला त्यांचा. सॅल्मन वाचवायला ते नको म्हणतील? ओरेगनमधल्या आमच्या अ‍ॅस्टोरियात असं म्हणणारा एक तरी कोळी दाखवा. मार्चचा पाऊस, किराणा दुकानाच्या दारात ती पोर नखशिखांत भिजलेली, हातात सह्यांचे कागद. पाप्पांनी सही ठोकली, वर तिला घरी आणून कॉफी पाजली, घरी धुरावलेला मासा खाऊ घातला. मग गाडीत घालून धक्क्यावर नेलं आणि बोटीबोटीवर हाका मारून सगळ्यांच्या सह्या मिळवून दिल्या. कागदावर बारीक अक्षरात काय आहे, ते एकानंही वाचलं नाही. पाप्पा सांगतायत म्हटल्यावर वाचायचं कशाला?

जुलैत कळलं. सह्या पुरेशा जमल्या होत्या आणि त्या कागदावरचा प्रस्ताव नोव्हेंबरच्या निवडणुकीत मताला पडणार होता. सॅल्मन वाचवायचा होता तो आमच्यापासूनच. नदीत आम्ही टाकतो तसल्या जाळ्यांना ओरेगनभर कायमची बंदी. म्हणजे माझा नवरा राइनो घरी आणि त्याची बोट भंगारात.

मी भडकले. सासऱ्यांवर तोंड टाकता येईना, म्हणून भांडी आपटली. राइनो म्हणाला, "पुरे गं हेल्मी. मीही केलीय सही." आता कुणापुढे कपाळ बडवायचं?

दुसऱ्याच दिवशी पाप्पा चर्चला घालतात तो कोट चढवून निवडणूक कचेरीत गेले. मी सोबत होते. माझी सही खोडा, म्हणाले. तिथली मेरिबेथ भली बाई, पाप्पांना लहानपणापासून ओळखते. तिनं दोनदा समजावलं, की दाखल झालेली सही खोडता येत नाही. नोव्हेंबरात विरोधात मत द्या.

आम्ही हातपाय मारले, नाही असं नाही. रस्त्याच्या कडेला पाट्या रंगवून लावल्या, फोन केले. शनिवारी सौनाच्या गरम वाफेत घाम गाळत बसलेले सगळे एकमेकांना धीर द्यायचे. पण मतं होती तिकडे मोठ्या शहरात, पोर्टलंडात, आणि तिथल्या घराघरांत रोज टीव्हीवरच्या जाहिरातीत सॅल्मन उड्या मारत होता. त्या माणसांचं आमच्याशी वाकडं नव्हतं हो, आम्ही त्यांच्या गावीच नव्हतो. मला त्याचाच जास्त संताप यायचा.

ऑक्टोबरात टपालानं मतपत्रिका आल्या. पाप्पांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून 'नाही'समोरची जागा काळी केली, पाकीट चिकटवलं आणि स्वतः चालत जाऊन पेटीत टाकलं. मला हात लावू दिला नाही.

निकाल जेवतानाच कळला. आमच्या भागानं प्रस्ताव पार झोपवला होता आणि राज्यानं तो लाखांनी पास केला होता. राइनो ताटावरून उठला आणि अंधारात बोटीवर जाऊन बसला. मीही त्याला हाक मारली नाही.

चार दिवसांनी मेरिबेथचा फोन आला. पाप्पांच्या पाकिटावर सहीच नव्हती, आणि सहीशिवाय मत मोजत नाहीत. अजून मुदत होती, येऊन करून जा म्हणाली.

"पाप्पा, सही करायची विसरलात?"

"विसरलो नाही. सही करा असं लिहिलं होतं, वाचलं मी." ते खिडकीबाहेर बघत होते. "हातच गेला नाही, हेल्मी. एका सहीनं पोराची बोट घालवली मी."

मी म्हटलं, जाऊ दे, आता एका मतानं काय फरक पडतोय. पण ते उठले आणि पुन्हा तोच कोट चढवला.

कचेरीत मेरिबेथनं पुढे केलेला कागद त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचला. मग उलटून मागची बाजू वाचली. मागं लोक खोळंबले होते, पण मेरिबेथनं घाई केली नाही.

"या सहीनं कुणाचं नुकसान होणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, पाप्पा," ती म्हणाली. "हिच्यानं आता काहीच होणार नाही."

मग त्यांनी सही केली.