डावी पाकळी

मी नुसतं बघितलं तरी दूध नासतं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, रागात असताना दोनदा नासलंय. म्हणून आमच्या ऋताने जेव्हा विचारलं, "आई, मनान वस्तू हलता काय, तां बगूया?" तेव्हा मी फटकन म्हटलं, "बगूचा काय त्यात? हलता!"

ऋता फिजिक्सवाली. पुढच्या अभ्यासाला बंगलोरला नंबर लागलेला, पाच वर्षं. हे गेल्यापासून तोंडवलीच्या घरात आम्ही दोघीच. जाऊ नको म्हणायला तोंड होईना, म्हणून मी सगळं देवीवर ढकललं. "कौल लावूया. उजवो दिल्यान तर जा." देवीला दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

तोवर ऋताने मोबाईलवर खेळ केला. एक ठिपका, आपल्या मर्जीने कधी डावीकडे जाणार, कधी उजवीकडे. आपण मनात एक बाजू धरायची.

"खंयची धरतलंस?"

"डावी."

कशाला डावी, ते तिने विचारलं नाही. आठवडाभर मासे साफ करताना, आमटी ढवळताना मी त्या ठिपक्याला दटावत होते, "डावीकडे मर रे मेल्या!" ऋताने वहीत मांडलं: दोनशेत एकशे तीन वेळा डावीकडे गेला.

"ह्याका काय अर्थ नाय, आई."

"तीन जास्त गेले मां?" मला तर चांगलाच हुरूप आला.

सोमवारी देवळात भाई गुरवांनी पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं. मी डाव्या पाकळीवर डोळे रोखले. पड गो बाय, पड. कपाळावरून घाम गळायला लागला. शेजारी ऋता श्वास धरून उभी. आणि पाकळी सुटली. माझीच! मी "पडली!" म्हणून ओरडलेच.

भाईंनी हात जोडले. "उजवो दिल्यान!"

"उजवो खंयचो? डोळे फुटले काय तुमचे?"

"गो सुगंधा, देवीचो उजवो. ती आपल्याकडे तोंड करून आसा मां?"

जन्म गेला माझा ह्या देवळात! आठवडाभर त्या मेल्या मोबाईलकडे बघून डोकं फिरलेलं. ऋता खो खो हसत सुटली, आणि एकदम थांबली.

"आई, तू डावो मागी होतंस?"

मी खाली बघितलं.

"मनात शंका आसात तर परत लावया," भाई म्हणाले.

आता बाजू पक्की कळली होती, आणि नजरेत जोर तर होताच. लहानपणी देवळात धरायची तसं ऋताने माझ्या पदराचं टोक धरलं.

"नको," मी म्हटलं. "एवढो जीव काढून पाडलंय, परत खंय लावतास? जातली ती."

बाहेर पायरीवर बसून मी पोटभर रडले. ऋता जवळ बसली, नाक ओढत म्हणाली, "आई, ह्यां पण वहीत लिवू?"

"लिव," मी म्हटलं. "एकशे चार."