गालावरचे माझे सहा दिवस

मी एक पुळी आहे. जुनी म्हणाल, तर सहा दिवसांची. तुम्हाला हसू येईल, पण आमच्यात एवढं वय म्हणजे म्हातारपण. मेक्सिकोतल्या तेकोमान गावात, यादिरा नावाच्या मुलीच्या उजव्या गालावर माझा जन्म झाला. मित्रांनो, त्या दिवसापासून माणसांच्या अकलेबद्दल माझं मत काही चांगलं राहिलेलं नाही.

आधी माझी जडणघडण ऐका, म्हणजे मला घाण म्हणताना तुमची जीभ जरा आवरेल. गालावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची एक चिमुकली पिशवी असते. त्या तेलाने कातडी मऊ राहते. मुलं वयात येऊ लागली की शरीरातली संप्रेरकं त्या पिशवीला चेव आणतात आणि तेल वाजवीपेक्षा जास्त सुटतं. त्यात कातडीचे मेलेले कण मिसळतात आणि भोकाला बूच बसतं. एरवी गुण्यागोविंदाने राहणारे जंतू मग आत मनमुराद वाढतात. त्यांना हुसकायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात, लढतात, मरतात. तो लालपणा, ती सूज, तो पू, हे सगळं मिळून मी. आता सांगा, यात मळ कुठे आला?

पण हे ओब्दुलिया आत्याला कोण सांगणार! शनिवारी यादिराच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा होता; आमच्याकडे मुलगी मोठी झाल्याचा तो मान. गुलाबी घेरदार झगा शिवून आला होता. भर हॉलात बाप लेकीच्या पायात पहिले उंच टाचांचे बूट चढवणार, मग दोघं वाल्ट्झ नाचणार आणि सगळं गाव बघणार. नेमकी त्याच आठवड्यात, रविवारी मी उगवले.

"तरी मी सांगत होते!" आत्या कडाडली. "चेहरा धुतेस की नुसता ओला करतेस? आणि ते डुकराचं तळलेलं कातडं आणखी हादड!"

बिचाऱ्या यादिराने चार वेळा साबणाने तोंड खरवडलं. मी जास्तच लाल झाले. मग तिने नखांनी मला पिळलं आणि मी आणखी आत रुतले. वा रे उपाय!

सोमवारी आत्याने आपलं ब्रह्मास्त्र काढलं, लिंबू. आमचं गाव लिंबांच्या बागांवर जगतं. इथे सर्दीला लिंबू, पोटदुखीला लिंबू, रुसलेल्या जावयालाही लिंबूच. "रस चोळ, वाळू दे, अजिबात धुवायचं नाही," आत्याने फर्मावलं आणि त्याच गालाने पोरीला भर दुपारी चौकात नेलं, झगा घालून फोटो काढायला. दीड तास! लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते, हे लिंबांच्या गावात जन्म काढलेल्या बाईला कळू नये? शी!

बुधवारी गालावर फोड आले. गुरुवारी यादिराचा बाप एलिहिओ लांबच्या मळ्यावरून लिंबं तोडून परतला. त्याने लेकीची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला.

"लिंबू कोणी लावलं?"

"मी लावलं," आत्या म्हणाली. "पुळी जावी म्हणून."

"अक्कल विकून खाल्लीस काय गं? आम्ही तोडणारी माणसं रस लागला की हात धुतल्याशिवाय उन्हात पाऊल टाकत नाही, आणि तू पोरीच्या तोंडाला..."

यादिरा हुंदके देऊ लागली. "बाबा, मी शनिवारी हॉलात येणार नाही. सगळे हसतील."

एलिहिओने बाह्या वर सारल्या. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत जुने तपकिरी डाग होते. "गावात लिंबाचा डाग नसलेलं एक तरी घर दाखव. दाखवलंस तर सोहळा रद्द."

तिने खूप वेळ विचार केला. एकही घर तिला आठवलं नाही.

मित्रांनो, मी शनिवारी सकाळी सुकले. कोणी काही केलं नसतं तरी सुकलेच असते, आणि हेच मला सगळ्यात जास्त झोंबतं. मी उद्या विसरली जाईन, पण फोडांच्या जागी पडलेला आत्याच्या मायेचा तपकिरी डाग कित्येक महिने राहील.

आता हॉलात बॅण्ड सुरू झाला आहे. आत्या पावडरचा डबा घेऊन धावत आली होती. यादिरा म्हणाली, "राहू दे आत्या, आज तू फक्त बस." आणि स्वतः खुर्चीवर बसून, बूट चढवायला बापापुढे पाय करून मोकळी झाली. खोटं कशाला बोलू, मला तिचा अभिमान वाटला. माणसाबद्दल असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तेव्हा हात खाली ठेवा. दिवसातून दोनदा हलक्या हाताने तोंड धुवा, नखं दूर ठेवा आणि पुळ्या फारच झाल्या तर डॉक्टरांकडे जा. मी चार दिवसांची पाहुणी, आपणहून जाते. घरातल्या आत्याचं काय करायचं, ते तुमचं तुम्ही बघा.