पेटीत राहिलेली वीट

मी मातीच्या विटा दाबणारे यंत्र. एक लोखंडी पेटी, तिचे झाकण आणि माणसाच्या उंचीचा दांडा, एवढाच माझा देह. नरखेडजवळच्या संत्र्याच्या बागेत विहिरीपाशी उभे आहे. माझ्या पेटीत एक वीट आहे. चौऱ्याहत्तर सालच्या एका मंगळवारी सकाळी ती दाबली गेली.

तो दिवस रोजच्यासारखाच होता. जयवंताबाई घमेल्याने पेटीत माती भरत होत्या, त्यांचे यजमान महादेवराव दांड्याला लोंबकळून ती दाबत होते. मातीत मिसळायचे सिमेंट संपले होते. सिमेंटचे परमिट घेऊन महादेवरावांना नागपूरला जायचे होते. शेवटची वीट दाबली; दांडा उलट बाजूला वाकवून ती वर काढायची, तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला.

"अवो, जा ना आता, मोटर चुकन!"

"येवढी काढून जातो ना वं."

"मी काढीन."

"तुह्या वजनानं दांडा वाकते का? पाळण्यावानी झुलशील नुसती! हात नको लावू, कोपरा तुटते. मी आल्यावर काढतो. विटायचं पानी तेवढं चुकवू नको, पंधरा दिवस."

जयवंताबाई हसल्या. ते पळत गेले.

संध्याकाळी महादेवरावांचा धाकटा भाऊ नत्थू सायकलवर आला. "वैनी, आगुदर खाली बसा." त्या बसल्या नाहीत. सिमेंटच्या रांगेत महादेवरावांच्या छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सारे आटोपले होते. सांगताना त्याने आधाराला माझा दांडा धरला होता.

माझा जन्म हिंगण्याच्या एका लहान कारखान्यातला. नागपूरच्या शेतकी प्रदर्शनात महादेवरावांनी मला पाहिले. गावातल्या दोन खोल्यांत दोघा भावांचे संसार होते. जयवंताबाईंना बागेत स्वतःचे घर हवे होते, विहिरीकडे उघडणारी खिडकी असलेले.

पहिल्या विटा महादेवरावांनी आपल्या वावरातल्या काळ्या मातीच्या पाडल्या. तिच्यात सोन्यासारखा कापूस पिकतो, मग वीट का होणार नाही, असा त्यांचा हिशेब. आठवड्यात शंभराच्या शंभर विटा टाचांसारख्या भेगाळल्या. नत्थू म्हणाला, "भाऊ, घर बांधून राहिले का ढेकळं वाळवून राहिले?" सगळ्यांत मोठ्याने महादेवरावच हसले. मग टेकडीवरचा मुरूम आणला, आणि भिंती चढू लागल्या.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, गावातले घर माणसांनी भरलेले असताना, जयवंताबाई एकट्या बागेत आल्या. सावलीतल्या विटांवर त्यांनी पाणी शिंपडले, ओली पोती पांघरली. मग माझ्याकडे वळल्या. झाकणाच्या फटीतून तांब्याभर पाणी सोडले आणि माझ्यावरही ओले पोते टाकले. आतल्या विटेचे पाणी चुकू नये म्हणून. पंधरा दिवस त्या आल्या, एकही दिवस चुकला नाही.

मला बोलता आले असते तर त्याच दिवशी सांगितले असते, पाणी नको. वीट आत लोखंडाला धरत होती आणि माझे बिजागर गंजत होते. पण इतक्या मायेने मला कुणी कधी हात लावला नव्हता.

पुढे नत्थूने गवंडी आणून तयार विटा मांडून घेतल्या. मागच्या भिंतीला थोड्या कमी पडल्या. तो पाना आणि घासलेट घेऊन आला.

"वैनी, खोलतो याले. दोन दिवसाचं काम आहे."

"नको, नत्थूभाऊ."

"मंग भट्टीच्या आनू का?"

"नको. आल्यावर काढतो म्हनले होते थे."

नत्थूने पाना खिशात ठेवला. पुन्हा कधी विचारले नाही.

याला आता आठ वर्षे झाली. घरावर छप्पर नाही. खिडकीच्या चौकटीवर वेल चढला आहे. संत्र्याच्या तोडीला जयवंताबाई येतात, माझ्या सावलीत शिदोरी सोडतात. जाताना दांड्यावर हात ठेवतात, पण भार टाकत नाहीत.

बाई, एकदा तरी टाका. नत्थूला हाक मारा, दोघे मिळून टाका. वीट फुटली तरी चालेल, मी मोडले तरी चालेल.

मागच्या भिंतीला अजून अकरा विटा कमी आहेत.