समोर किती माणसं?

वक्तेसाहेबांचं भाषण ऐकून मेलेला माणूससुद्धा उठून कामाला लागेल, असं कारखानदार म्हणायचे. आज पाळी पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्याची होती. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीकडे सारून दोनशे कामगार बसवले होते. तासभर बरसून साहेब आपल्या हातखंडा प्रयोगावर आले.

"फोन काढा! ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याला आत्ता लावा. मीपण माझ्या मुलीला लावतोय."

त्यांनी फोन कानाला लावला, हसले, मान डोलावली. फोन बंद होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय!

पूर्वी ते खरंच लावायचे. लेक परगावी शिकत होती. "बाबा, आठवण आली?" असं तिने विचारलं की साहेब हळूच फोन माईकजवळ धरायचे. लोक गहिवरायचे, टाळ्या पडायच्या. एकदा मैत्रिणीने तिला एका भाषणाचा व्हिडिओ दाखवला. परीक्षेत नापास झाल्यावर ती फोनवर बाबांपाशी रडली होती, ते रडणं त्यात होतं. त्या दिवसापासून ती फोन उचलेनाशी झाली. साहेबांनी चारदा लावला, मग रागाने नाद सोडून दिला. त्याला तीन वर्षं झाली. दोनशे माणसं हलवणाऱ्या या गृहस्थाला घरी 'जेवलात का' असं विचारणारं कोणी नव्हतं.

भाषण संपलं, कामगार पांगले. खोकी चिकटवणाऱ्या एक बाई डोळे पुसत पुढे आल्या.

"साहेब, भावाला लावला, चार वर्षांनी. 'ताई' म्हणाला आणि नुसता रडला हो."

"वा, छान!"

बाई घुटमळल्या. "मी पहिल्याच रांगेत होते. तुमचा फोन बंद होता."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"राहू द्या हो. मीपण दोनदा लावून कापला. मग धीर केला. तुम्हीही लावा की."

एवढं बोलून त्या कामावर परत गेल्या.

साहेब खुर्चीत बसले. तासभर ठासून सांगितलेल्यातलं एकही वाक्य त्यांच्या कामी येईना. तरी त्यांनी फोन चालू केला आणि नंबर लावला.

बराच वेळ वाजला. मग उचलला गेला.

"बाबा," लेक जपून म्हणाली, "समोर किती माणसं आहेत?"

साहेबांनी मान वर करून रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"कोणी नाही गं," ते म्हणाले. "कोणीच नाही."