टेकडीवर नेणारा ट्रॅक्टर

मित्रांनो, शेतावरचे मोठे ट्रॅक्टर मला ट्रॅक्टर मानायला तयार नाहीत. त्यांच्या एका चाकाआड मी सगळा झाकला जातो, हे खरे आहे. पण मलाही गिअरबॉक्स आहे, मागे गाडी जोडायला आकडा आहे आणि पुढे दोन दिवे आहेत. घराभोवतीचे गवत कापायचे, परसातले बटाट्याचे वाफे नांगरायचे, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायचा, अशा कामांसाठी माझा जन्म झाला. आता मी म्हातारा झालो आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ज्या कारखान्यात मी घडलो, तो कधीच बंद पडला. माझ्याबरोबर तिथून बाहेर पडलेले बहुतेक सगळे भंगारात गेले. मी राहिलो, आणि का राहिलो ते तुम्हाला सांगायचे आहे.

ऑर्लिन हौगन नावाच्या माणसाने मला नवाकोरा घरी आणला. तो गावातल्या लोणी-चीजच्या कारखान्यात कामाला होता. मी तेव्हा लालभडक होतो आणि चाके फिकट पिवळी होती. शेजारी मला बघायला आले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, टायरवर बुटाने हलकेच ठोकले आणि म्हणाले, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठी स्तुती नसते. ऑर्लिन दिवसभर खुशीत होता.

त्याने माझी निगा राखली. काम संपले की पात्यांना चिकटलेले गवत खरवडून काढी, सांध्यांना ग्रीस लावी, तेल काळे पडायच्या आत बदली. रस्त्यापलीकडे टेकडीच्या पायथ्याशी चर्च आहे आणि त्याच्यामागे उतारावर दफनभूमी. तिथले गवत कापायचे काम त्याने आपणहून अंगावर घेतले होते. दोन थडग्यांमधून मला नेताना तो वेग कमी करी. त्याची बायको आर्डिस मागच्या छोट्या गाडीत पाण्याचा डबा सांभाळत बसे, आणि तिच्या बाजूचा दगड जवळ आला की "डावीकडे, डावीकडे," असे सांगे. त्याला ते दिसत असायचेच. तरी तो दर वेळी "हो गं," म्हणायचा.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग एका पानगळीत ऑर्लिन गेला. जिथले गवत तो आयुष्यभर कापत आला, तिथेच वरच्या रांगेत त्याला पुरले.

आर्डिसचे खुबे तोवर कामातून गेले होते. घरात ती भिंतीला धरून चालायची. मोटारीचा रस्ता दफनभूमीच्या फाटकापाशी संपतो आणि पुढे सगळा गवताचा चढ आहे. तो चढ तिला चढवेना. तेव्हा ती माझ्यावर बसली. पायरीवर पाय ठेवताना तो हाताने उचलून ठेवावा लागे, पण एकदा बसली की झाले. रस्ता ओलांडून, फाटकातून, मी तिला थेट ऑर्लिनपाशी नेत असे. ती थोडा वेळ बसायची आणि आम्ही परत यायचो. मी आयुष्यात पुष्कळ कामे केली, मित्रांनो, पण यासारखे काम मला दुसरे मिळाले नाही.

आणि नेमका तेव्हाच मी दगा दिला. इंजिनाला वारा घालणाऱ्या पंख्याच्या झाकणाखाली उंदरांनी गवताचे घरटे केले होते. वारा कोंडला, इंजिन तापत गेले आणि फाटकाच्या अलीकडे पिस्टन जागच्या जागी चिकटला. शेजाऱ्याने मला ओढून तिच्या छपरीमागे आणून ठेवले. आर्डिसने माझ्यावर ताडपत्री घातली आणि कडेने विटा ठेवल्या. त्यानंतर बर्फ पडला. तो वितळला तेव्हा माझी चाके चिखलात रुतलेली होती. मला वाटले, ही मला विसरली. माझा समज चुकीचा होता, पण तो दूर व्हायला वेळ लागला.

वसंतात लायल क्रुएगर आला. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्याच्या नोकरीतून तो निवृत्त झाला होता, आणि आता तो माझ्यासारखे जुने छोटे ट्रॅक्टर शोधून आणायचा आणि चालते करायचा. कुणाच्या परसात, गोठ्यामागे, झुडपात एखादे बोनेट दिसले की त्याची गाडी आपोआप थांबते, असे त्याची बायको म्हणते. ताडपत्री वाऱ्याने उडाली होती. मी त्याला रस्त्यावरून दिसलो.

आर्डिस पायरीवर आली. तिने त्याला ओळखले. "तू क्रुएगर ना? असले दुरुस्त करतोस ना तू?"

"करतो, करतो," लायल म्हणाला. तो गुडघ्यावर बसून माझ्या गिअरबॉक्सकडे बघत होता. "चालतो का हा, हौगनबाई?"

"पानगळीत बंद पडला. तेव्हापासून इथेच आहे."

"मग आता तुम्हाला काय उपयोग त्याचा?"

"तसा काही नाही." ती थोडी थांबली. "नुसता बसून राहिलाय."

"मी नेऊ का मग?"

"ने की. तुझ्या कामाचा असेल तर."

"नक्की ना?"

"हो, हो. गंजतोय उगीच."

आता आमच्या भागातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. इथे कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा नको म्हणायचे, दुसऱ्यांदा कशाला त्रास म्हणायचे आणि तिसऱ्यांदा कप पुढे करायचा. देण्याघेण्याच्या सगळ्याच गोष्टींत असे आहे. पहिली दोन उत्तरे सभ्यतेची असतात, मनातले तिसऱ्या खेपेला बाहेर येते. आर्डिसने त्या दिवशी लायलला कॉफी विचारली तेव्हा त्याने रीत चोख पाळली आणि तिसऱ्या खेपेला दोन कप प्यायला. माझ्याबद्दल मात्र त्याने दोनदाच विचारले आणि गाडीमागच्या ट्रेलरची फळी खाली टाकली. मी जाईपर्यंत आर्डिस पायरीवर उभी होती.

लायलच्या शेडमध्ये माझा भाऊ होता. त्याच कारखान्याचा, त्याच सालचा. लायलने कित्येक हिवाळे खपून त्याला पार नवा केला होता. इंजिन मुळापासून उघडून जुळवलेले, रंग असा की त्यात शेडचा दिवा दिसावा. फक्त त्याचा गिअरबॉक्स फुटका होता आणि तसा दुसरा कुठे मिळत नव्हता. माझा शाबूत होता. तेव्हा मला का आणले, ते मला पहिल्याच दिवशी कळले. जुने ट्रॅक्टर जमवणाऱ्या या लोकांत दोन मेलेल्यांतून एक जिवंत करतात, आणि त्यात काही वावगे नाही. पण उरलेल्याला सुट्या भागांचा ट्रॅक्टर म्हणतात. त्याला मग नाव राहत नाही.

लायलने माझे पंख्याचे झाकण काढले, घरटे बाहेर ओढले आणि म्हणाला, "याने कोंडून मेलास होय रे तू." हात हळुवार होता त्याचा, मी खोटे कशाला बोलू? पण हळूहळू त्याने माझी चाके काढली, मला लाकडी ठोकळ्यांवर ठेवले आणि माझा गिअरबॉक्स भावाच्या अंगात बसवला.

मे महिन्याच्या सुरुवातीला एक दिवस त्याची बायको डोरीन चांगल्या कपड्यांतच शेडमध्ये आली. गावात कुणाची तरी अंत्ययात्रा होती आणि नंतर चर्चच्या तळघरात नेहमीसारखे जेवण होते. तिथून ती सरळ इकडे आली होती.

"लायल, तू आर्डिसला किती वेळा विचारलंस?"

"कशाचं?"

"या ट्रॅक्टरचं."

"विचारलं की. हो म्हणाली ती."

"किती वेळा विचारलंस?"

लायलने पाना फडक्याने पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. "दोनदा."

"आणि कॉफी कितव्यांदा घेतलीस?"

तो पाना ठेवून दुसरा शोधू लागला.

"पोटाच्या बाबतीत बरं सगळं लक्षात राहतं तुझ्या," डोरीन म्हणाली. ती उलट्या बादलीवर बसली. "आज माझ्या शेजारी बसली होती. मला विचारते, 'बरा आहे ना गं तो?' मी म्हटलं, 'कोण, लायल?' तर म्हणाली, 'नाही, ट्रॅक्टर.' मग मी म्हटलं, तुम्ही काय करायचात त्याचं? म्हणाली, 'काही विशेष नाही, वर जायचे.' वर कुठे म्हटलं, तर म्हणाली, 'ऑर्लिनकडे.'"

लायलने फडके खाली ठेवले.

"मोटार जाते की तिथे," लायल म्हणाला.

"फाटकापर्यंत. पुढचा चढ कोण चढवणार तिला? कुणी हात धरून नेतो म्हटलं, की 'कशाला तुम्हाला त्रास'. मागच्या पानगळीपासून गेली नाहीये ती. महिनाअखेर थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस आलाय, आणि या वर्षी खालूनच बघेन म्हणाली."

"मग मला तसं म्हणाली का नाही? दुरुस्त करून दे म्हणून?"

"तू आजवर कुणाला म्हणालायस, अमुक करून दे म्हणून? गुडघा फुगला तेव्हा डॉक्टरकडे मी ओढत नेलं तुला. तू थांबलास कॉफीला, तेव्हा तिला वाटलं, आता विचारेल हा, दुरुस्त करू का म्हणून. तुझं लक्ष कुठे होतं?"

लायलचे लक्ष गिअरबॉक्सकडे होते. ते त्यालाही आठवले असावे, कारण त्याने मान खाली घातली. "याचं इंजिन गेलंय, डोरीन. सिलिंडरला ओरखडे पडलेत. हा आता उठायचा नाही."

"आणि याचं?" तिने माझ्या भावाकडे बोट केले.

"तो ऑगस्टमधल्या जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळ्यात न्यायचाय."

"मेळा दर ऑगस्टला असतो," ती म्हणाली आणि स्वयंपाकाला गेली.

लायल त्या बादलीवर बराच वेळ बसून राहिला. एकदा भावाच्या बोनेटवरून हात फिरवला. मित्रांनो, मला त्या क्षणी जगायचे होते, आणि भावाकडे बघवतही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी लायलने त्याच्या पोटातून माझा गिअरबॉक्स परत काढला. मग पुढचे बोल्ट सैल केले आणि त्याचे इंजिनही उचलून बाहेर घेतले. त्या रिकाम्या लाल सांगाड्यावर त्याने घरातली जुनी चादर आणून घातली.

माझा गिअरबॉक्स आणि चाके मला परत मिळाली, पण ते इंजिन माझ्यात बसवायला बरेच दिवस लागले. मधले भाग जुळेनात, बेल्ट ओढून बसेना. पहिल्यांदा सुरू केले तेव्हा मी नुसता खोकलो आणि गप्प झालो. लायलने कार्ब्युरेटरचा स्क्रू जरासा फिरवला, कान देऊन ऐकले, पुन्हा फिरवला, आणि मग मी जो सुरू झालो तो थांबलो नाही. तो मला रंग देणार होता. डोरीनने हात धरला. "रंग नको. तिला तिचाच परत मिळू दे."

फुले वाहायच्या दिवशी सकाळी त्याने मला आर्डिसच्या दारात उतरवले. वाटेत तो बोलायचे काही जुळवत होता. प्रत्यक्षात एवढेच निघाले, "हौगनबाई, चालतोय हा."

आर्डिस पायरी उतरून आली. तिने माझ्या गंजक्या बोनेटच्या फटीतून आत पाहिले. आतले इंजिन नवे लाल होते. ती वळली आणि भिंतीला धरत घरात गेली. दार लागले. लायल टोपी हातात घेऊन उभा राहिला. चिडली, असे त्याला वाटले, आणि मलाही.

ती बाहेर आली तेव्हा तिने चांगला कोट घातला होता, डोक्याला रुमाल बांधला होता आणि हातात लाल फुलांची कुंडी होती.

"धर जरा," ती लायलला म्हणाली. पाय हाताने उचलून तिने माझ्या पायरीवर ठेवला आणि बसली. कुंडी मांडीत घेतली.

आम्ही रस्ता ओलांडला. लायल मागून चालत होता, कारण माझ्या ब्रेकवर त्याचा अजून भरवसा नव्हता. जिथे मी बंद पडलो होतो ती जागा आली तेव्हा मला भीती वाटली, पण इंजिनाला काही ठाऊक नव्हते, ते चालत राहिले. उतारावर बरीच माणसे फुले घेऊन आली होती. ती बाजूला झाली. वरच्या रांगेत पोचल्यावर आर्डिसने मला बंद केले.

ती दगडाकडे बघून म्हणाली, "उशीर झाला यायला. वाहन नव्हतं."

लायलने पाठ फिरवली आणि दूरवरच्या एका गोठ्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने आर्डिसने त्याला हाक मारली. "त्या दुसऱ्याचं इंजिन आहे ना यात?"

"हो."

"आणि तो?"

"झाकून ठेवलाय. मिळेल कधीतरी इंजिन."

"मी सांगायला हवं होतं तुला," आर्डिस म्हणाली.

"मी थांबायला हवं होतं," लायल म्हणाला.

आमच्याकडची माणसे एका दिवसात एवढे बोलत नाहीत. मग त्याने कुंडीसाठी माती उकरून दिली.

मित्रांनो, शेडमध्ये चादरीखाली माझा भाऊ अजून वाट बघतो आहे, आणि त्याचे इंजिन माझ्या अंगात चालते आहे. त्यामुळे मला उगीच दिमाख करता येत नाही. माझी एकच विनंती आहे. कुणाच्या परसात गवतात रुतलेले जुने यंत्र दिसले, तर त्याचा कुठला भाग आपल्या कामाचा आहे हे नंतर बघा. ते कुणाला कुठे नेत होते, ते आधी विचारा. आणि उत्तर मिळाले तरी जरा थांबा. मगच पाना हातात घ्या.